बाहेरचे खाणे खिशाला परवडावे आणि अंगीही लागावे म्हणून

बाहेर जेवायचे म्हटले की पौष्टिक खाणे महाग पडते आणि स्वस्त खाणे तब्येतीला बाधते, अशी सर्वसाधारण समजूत असते. काही चोखंदळ ठिकाणांपुरती ती खरीही असेल; परंतु साध्या हॉटेलातले बिल हातात घेऊन त्यातील एकेक ओळ तपासली, तर रक्कम फुगवणाऱ्या आणि शरीराच्या फारशा उपयोगी न पडणाऱ्या ओळी बहुतेक वेळा त्याच असतात. साखरेची पेये, जेवणाआधी मागवलेले तळलेले पदार्थ, मुख्य पदार्थासोबत सहज वाढवून घेतलेले बटाट्याचे काप आणि पोट भरल्यावर केवळ सगळे मागवत आहेत म्हणून मागवलेले गोड, एवढे वगळले तरी बिल आणि उष्मांक दोन्ही एकदमच खाली येतात. शिक्षण, नोकरी किंवा प्रवास यांमुळे ज्यांना नुकतेच वरचेवर बाहेर जेवावे लागू लागले आहे, त्यांनी पुढील पायऱ्या या क्रमाने घेतल्यास सवय लवकर लागते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी असल्यास मात्र डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेला सल्लाच प्रमाण मानावा.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी काय ठरवावे

बाहेरच्या जेवणाचे दोन प्रकार असतात आणि ते मनात वेगळे ठेवणे फार उपयोगी ठरते. एक म्हणजे घरी स्वयंपाक शक्य नाही म्हणून घेतलेले रोजचे जेवण आणि दुसरे म्हणजे वाढदिवस, भेटीगाठी किंवा निव्वळ हौस म्हणून केलेले जेवण. तब्येतीवर परिणाम घडवतो तो पहिला प्रकार, कारण त्याची संख्या मोठी असते. महिन्यातून एखाद्या वेळी मनसोक्त खाल्ल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. म्हणून महिन्याची रक्कम ठरवताना हौसेच्या जेवणांचे पैसे आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेला रोजच्या जेवणांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा हीच एका जेवणाची मर्यादा. ती एखाद्या दिवशी ओलांडली गेल्यास दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये, तर पुढच्या काही जेवणांत विभागून वळती करावी.

कडकडून भूक लागल्यावर हॉटेलात शिरणे टाळावे. अशा वेळी माणूस वाचून मागवत नाही, दिसेल ते मागवतो, आणि पदार्थ येईपर्यंतचा वेळ काढण्यासाठी आणखी काहीतरी तळलेले टेबलावर येते. निघण्यापूर्वी एखादे फळ किंवा मूठभर शेंगदाणे खाल्ले, तरी हा मोह बराच आवरतो. अनेक ठिकाणांची मेनू कार्डे हल्ली फोनवर पाहायला मिळतात. मुख्य पदार्थ घरीच ठरवून निघाल्यास टेबलावर बसल्यावर होणारी घालमेल वाचते. वेळेची निवड आपल्या हाती असेल तर दुपारचे जेवण बाहेर आणि रात्रीचे घरी हा क्रम परवडतो, कारण अनेक हॉटेलांत त्याच स्वयंपाकघरातला ठरावीक जेवणाचा संच दुपारी रात्रीपेक्षा कमी दरात मिळतो.

दुसरी पायरी: ताटाचा आराखडा डोक्यात ठेवावा

मेनू कार्ड उघडण्यापूर्वी आपल्याला ताटात काय हवे आहे, हे ठाऊक असले पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाखेने २०११ साली मांडलेला आराखडा यासाठी पुरेसा आहे: अर्धे ताट भाज्या आणि फळांचे, पाव ताट अख्ख्या धान्याचे आणि उरलेले पाव ताट प्रथिनांचे. या हिशेबात बटाटा भाजी म्हणून धरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते, आणि त्यातून बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे वगळते.

हॉटेलातले ताट बहुधा याच्या उलट भरलेले असते. भात, ब्रेड, नूडल्स किंवा बटाटा स्वस्त असतो, पोट लवकर भरतो आणि ताट भरगच्च दाखवतो, त्यामुळे ताटातला मोठा वाटा त्याचा असतो. भाजी मात्र कडेला शोभेपुरती राहते. हे प्रमाण पालटण्यासाठी महागडा पदार्थ मागवावा लागत नाही. एकच मुख्य पदार्थ घेऊन त्यासोबत धान्याचा दुसरा वाढा न घेता भाजीचा छोटा पदार्थ किंवा साधी कच्ची कोशिंबीर मागवावी, एवढा बदल पुष्कळ होतो. सॅलड या नावाने येणाऱ्या प्रत्येक पदार्थावर मात्र विश्वास ठेवू नये. पानांवर मेयोनीज, चीज आणि तळलेल्या ब्रेडचे तुकडे घातले, की ते सॅलड एखाद्या भरपेट मुख्य पदार्थाइतके जड होते आणि बहुधा त्याच्याइतकेच महागही असते. उलट माझ्या मते रोजच्या जेवणात मुख्य पदार्थ म्हणून साधे पानांचे सॅलड घेणे हा पैशांच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे, कारण दोन तासांनी पुन्हा भूक लागते.

प्रथिनांच्या बाबतीत खिसा आणि तब्येत यांचे सर्वांत चांगले जमते. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि भाजलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅम तुकड्यात सुमारे ३० ग्रॅम. आकडा पाहून मांस सरस वाटते, परंतु मेनू कार्डावर मांसाच्या पदार्थांची किंमतही तशीच चढलेली असते. शिवाय डाळी आणि कडधान्यांतून मिळणारा चोथा मांसात नसतो. डाळींमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी आणि लायसिन हा दुसरा घटक पुरेसा असतो, तर धान्यांत याच्या उलट स्थिती असते, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणूनच डाळ किंवा कडधान्याचा पदार्थ आणि त्यासोबत धान्य हे कमी पैशांतले भक्कम जेवण ठरते. अंडी चालत असतील तर ऑम्लेट किंवा उकडलेली अंडी बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि डोळ्यांसमोर ताजी तयार होतात.

जेवणाची सुरुवात सूपने करण्याची पद्धत या कामी मदतीला येते. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जेवणाआधी कमी उष्मांकांचे सूप घेतलेल्यांनी सूप धरूनही एकूण सुमारे २० टक्के कमी उष्मांक घेतले. हे पातळ, भाज्यांच्या सूपला लागू आहे. क्रीम घातलेल्या दाट सूपने हा हेतू साधत नाही.

तिसरी पायरी: मेनू कार्ड वाचायला शिकावे

मेनू कार्ड ही पदार्थांची केवळ यादी नसते, ती विक्रीची मांडणी असते. हॉटेल व्यवसायाचे अभ्यासक मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ साली मेनू आखण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत मांडली. तीत प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि त्यावर किती नफा सुटतो, या दोन कसोट्यांवर पदार्थांचे वर्ग पाडले जातात आणि जास्त नफ्याचे पदार्थ नजरेत भरतील असे मांडले जातात. चौकटीत टाकलेला, छायाचित्र लावलेला किंवा ‘शेफची शिफारस’ असे लिहिलेला पदार्थ वाईट असतोच असे नाही, पण तो तेथे कोणाच्या सोयीसाठी आहे हे ध्यानात ठेवून शेवटपर्यंत पाने उलटावीत. साधे, सजावट नसलेले आणि वाजवी किमतीचे पदार्थ बहुधा मधल्या गर्दीत असतात.

त्यानंतर पदार्थाच्या नावाआधी येणारी विशेषणे वाचावीत, कारण पदार्थ कसा शिजवला हे त्यांतूनच कळते. भाजलेले, वाफवलेले, उकडलेले आणि ग्रिल केलेले हे शब्द दिसले तर पदार्थ मागवायला हरकत नाही. क्रिस्पी, गोल्डन, क्रीमी, लोडेड आणि चीजी हे शब्द दिसले तर थांबून विचार करावा. क्रिस्पी म्हणजे बहुतेक ठिकाणी तळलेलेच. शिजवण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, याचे बोलके उदाहरण बटाटा आहे: १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ किलोकॅलरी असतात, तर तितक्याच वजनाच्या तळलेल्या काचऱ्यांत ३०० हून अधिक. तळताना बटाट्यातले पाणी उडून जाते आणि तेल आत शिरते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४ किलोकॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. म्हणजे वाढपाच्या एका मोठ्या चमच्याएवढे, साधारण १४ ग्रॅम तेल सुमारे १२० किलोकॅलरींची भर घालते, आणि ताटात ते वेगळे दिसतही नाही.

मल्टिग्रेन, नॅचरल, होममेड यांसारख्या शब्दांना भुलून जादा पैसे मोजू नयेत. मल्टिग्रेन म्हणजे एकाहून अधिक धान्ये. ती अख्खी आहेत की कोंडा काढलेली, हे त्या शब्दातून समजत नाही. ब्रेडचा तपकिरीपणाही कधी कधी वरून घातलेल्या रंगाचाच असतो.

काही देशांत मोठ्या हॉटेलांना मेनूवर उष्मांक छापावे लागतात: अमेरिकेत २० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मे २०१८ पासून, तर इंग्लंडमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना एप्रिल २०२२ पासून. असे आकडे समोर असतील तर त्यांचा उपयोग दिवसभराचा जमाखर्च मांडण्यासाठी न करता, आवडीच्या दोन पदार्थांतून एक निवडण्यासाठी करावा. आकडा एका व्यक्तीच्या वाढपाचा आहे की अख्ख्या डिशचा, हे आधी पाहून घ्यावे.

चौथी पायरी: पेयांची ओळ कोरी ठेवावी

सगळ्या पायऱ्यांतून एकच पाळणे शक्य असेल तर ही पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली असून, ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक चांगले असे म्हटले आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होते. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. फळांचा रस आरोग्यदायी समजला जातो, परंतु रसातली साखरही या मर्यादेतच मोजली जाते. अख्ख्या फळातली नाही. पातळ पदार्थाने पोट भरल्याची जाणीव घट्ट अन्नाइतकी होत नाही, त्यामुळे पेय घेतले म्हणून जेवण कमी होते असेही नाही. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममधून ७ किलोकॅलरी मिळतात, ही गोष्टही हिशेबात धरावी.

पैशांच्या बाजूनेही पेय महागात पडते, कारण दुकानात त्याच बाटलीला लागणाऱ्या रकमेपेक्षा टेबलावरची किंमत बरीच अधिक असते. बसल्याबरोबर वेटर पहिला प्रश्न पेयाचाच विचारतो. त्यावर ‘साधे पाणी द्या, जेवणाची ऑर्डर थोड्या वेळाने सांगतो’ एवढे उत्तर पुरते. पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तर स्वतःची भरलेली बाटली जवळ बाळगावी. बाहेरून आणलेले पाणी चालते का, हे एका वाक्यात विचारून घेणे बरे.

पाचवी पायरी: ऑर्डर देताना नेमके सांगावे

‘तेल कमी टाका’ ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत कमी उपयोगाची विनंती आहे. असे का होते, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात काय चालते ते पाहावे लागते. गर्दीच्या वेळी रस्सा किंवा सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार करून ठेवलेला असतो आणि त्यातले तेल व मीठ तेव्हाच ठरून गेलेले असते. ऑर्डर आली, की आचारी तव्यावर किंवा कढईत थोडे तेल टाकतो, अर्धवट उकडून ठेवलेल्या भाज्या त्यात परततो, पातेल्यातल्या रश्शाचे एक-दोन डाव ओततो आणि शेवटी चकाकी यावी म्हणून वरून लोणी किंवा क्रीम सोडतो. तुमच्या विनंतीचा अंमल या पहिल्या आणि शेवटच्या क्षणीच होऊ शकतो. म्हणून विनंती त्या जागेवर बोट ठेवून करावी: ‘वरून लोणी-क्रीम घालू नका’, ‘सॉस वेगळ्या वाटीत द्या’, ‘ब्रेड कोरडाच भाजा’, ‘तळलेल्या बटाट्याऐवजी वाफवलेली भाजी मिळेल का?’ अशी वाक्ये वेटरला आत जाऊन सांगता येतात आणि आचाऱ्याला पाळता येतात. ऑर्डरनंतर बनणारे पदार्थ, म्हणजे ग्रिल, ऑम्लेट, परतलेल्या भाज्या, बदलांना सहज जुळतात. आधी शिजवून ठेवलेले जुळत नाहीत. विनंत्या एक-दोनच असाव्यात. पाच अटी घातल्यास त्यांतली महत्त्वाचीच विसरली जाण्याचा संभव अधिक.

सॉस वेगळा मागवण्यामागे मिठाचेही कारण आहे. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा. वाटीत वेगळा दिलेला सॉस घासाच्या टोकाला लावून खाल्ला तर चव तीच लागते आणि अर्धी वाटी शिल्लक राहते. चव पाहण्याआधी मिठाची डबी उचलण्याची सवय असेल तर ती सोडावी.

अ‍ॅलर्जीची गोष्ट या सौम्य विनंत्यांत मिसळू नये. ती सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत, ‘हा आवडीचा प्रश्न नाही, अ‍ॅलर्जी आहे’ असे म्हणून सांगावी, आणि वेटरला खात्री नसेल तर आचाऱ्याला विचारून येण्यास सांगावे.

सहावी पायरी: किती खायचे हे पदार्थ येताच ठरवावे

समोर जेवढे येते तेवढे माणूस खातो, हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. रोल्स यांच्याच गटाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅकरोनी आणि चीजचे ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंतचे वेगवेगळे वाढप लोकांसमोर ठेवले होते. सर्वांत मोठे वाढप मिळाले तेव्हा लोकांनी सर्वांत लहान वाढपाच्या वेळेपेक्षा ३० टक्के अधिक उष्मांक घेतले. म्हणून भूक किती आहे याचा निवाडा ताट रिकामे होण्यावर सोपवू नये. पदार्थ टेबलावर आला, की निम्मा भाग लगेच बाजूला काढावा किंवा सरळ पार्सलचा डबा मागवून त्यात भरावा. जेवून झाल्यावर उरलेले बांधून घेऊ असे म्हटले, तर बहुधा उरत नाही. दोघांनी मिळून एक मुख्य पदार्थ आणि एक भाजी घेणे हा याचाच दुसरा प्रकार आहे. ‘थोड्या जादा पैशांत मोठा आकार’ ही योजना ग्रॅमच्या हिशेबाने स्वस्त असते, पण नको असलेले अन्न कोणत्याही दराने महागच म्हणायचे.

बांधून नेलेले अन्न दुसऱ्या दिवशीचे जेवण ठरू शकते आणि त्यामुळे एका बिलात दोन वेळा भागतात, मात्र त्यासाठी स्वच्छतेचे नियम पाळले पाहिजेत. जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. जेवणानंतर दोन तासांत फ्रिजपर्यंत पोहोचणे शक्य नसेल तर पार्सल न्यायच्या फंदात न पडता आधीच कमी मागवावे. खाण्यापूर्वी अन्न आतपर्यंत वाफाळेल असे, म्हणजे किमान ७० अंशांपर्यंत गरम करावे. भाताची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात बाहेर राहिल्यास त्यातून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही.

सातवी पायरी: बुफे, मंडळी आणि घरपोच जेवण

बुफेमध्ये पैसे वसूल करण्याची ईर्षा नसावी. प्लेट न घेता एक फेरी मारून सगळे पाहावे, मग भाज्या आणि प्रथिनांपासून वाढून घ्यावे. रोजच्या जेवणासाठी बुफे कधीच परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रमंडळींसोबत जाताना बिल समान वाटायचे की ज्याचे त्याने द्यायचे, हे ऑर्डर देण्यापूर्वीच बोलून घ्यावे. समान वाटणी ठरली, की काटकसरीने मागवणारा इतरांच्या पेयांचे आणि गोडाचे पैसे भरतो, किंवा मग आपणही मागवून टाकू असे त्याला वाटू लागते. गोड खायचेच असेल तर मंडळींत एक मागवून वाटून घ्यावे. पहिल्या दोन-तीन घासांतच त्याची खरी गोडी असते.

घरपोच मागवलेल्या जेवणात पदार्थाच्या किमतीखेरीज पॅकिंगचा आणि पोहोचवण्याचा आकार असतो, आणि ‘इतक्या रकमेच्या वर पोहोच मोफत’ ही अट पूर्ण करण्यासाठी नको असलेला पदार्थ टोपलीत पडतो. पोहोचवण्याचा आकार आणि तो जादा पदार्थ, यांत स्वस्त काय आहे हे बेरीज करून पाहावे. भात, ब्रेड यांसारखे सोपे पदार्थ घरी असतील तर फक्त भाजी किंवा डाळ मागवणे सर्वांत किफायतशीर पडते.

शेवटी बिल हाती आले, की ते पैसे देण्यापूर्वी वाचावे. न मागवलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेला पदार्थ किंवा सेवा-आकार त्यात आहे का ते पाहावे आणि शंका असल्यास शांतपणे विचारावे. त्यानंतर फोनमध्ये दोन ओळींची नोंद करावी: कोणत्या ठिकाणी कोणता पदार्थ घेतला, तो किती तेलकट निघाला, केलेली विनंती पाळली गेली का आणि पुढची भूक किती वेळाने लागली. अशी तीन-चार ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणचे एक-दोन पदार्थ नोंदीत जमले, की घाईच्या दिवशी मेनू कार्ड उघडण्याचीही गरज उरत नाही.